पुणे आणि पेण एकच झालं तेव्हा: पायथनमधल्या हट्टी फाइलनावांची दुरुस्ती

आधी लक्षणं. यातलं एखादं ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर आहे आणि पायथन म्हणतो, सापडत नाही. स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, टास्क शेड्यूलरला लावली की रात्री मान टाकते. एक्सेलची फाइल आहे, एक्सेलमध्ये उघडतेही, पण स्क्रिप्ट म्हणते ही झिप फाइल नाही. झिप उघडली तर मराठी नावांच्या जागी ग्रीक अक्षरं. एकाच फोल्डरमध्ये अगदी एकाच नावाच्या दोन फाइली. नावांतल्या मात्रा गळून नुसता सांगाडा उरलाय. आणि ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरते ते लक्षण: शंभर फाइली आत गेल्या, सत्त्याण्णव बाहेर आल्या, एरर एकही नाही.

मी पतसंस्था, सीएंची ऑफिसं, एखादं ग्रंथालय अशांसाठी छोट्या स्क्रिप्ट लिहून देते. फोन येतो तो बहुतेक एकाच वाक्याने: "मॅडम, फाइल समोर दिसतेय हो!" दिसतेय, हे खरंच असतं. पण स्क्रीनवर दिसणारं नाव आणि डिस्कवर लिहिलेलं नाव या दोन गोष्टी आहेत, आणि पायथन दुसरी वाचतो. त्यामुळे कोडला हात लावण्याआधी नाव तपासायचं. खालचा क्रम फुकटातल्या, मिनिटाभराच्या तपासणीपासून सुरू होऊन डोकं खाणाऱ्या कामापर्यंत जातो. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितेय. टाइप करताना ती अर्थात नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच.)

एक अट मात्र आहे. आधी फोल्डरची कॉपी करा आणि सगळे प्रयोग त्या कॉपीवर. ही अट मी स्वतः एकदा पाळली नव्हती. ती हकिकत पुढे येईल.

एक मिनिटाचं काम: झाकलेलं एक्स्टेन्शन

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतो. त्यामुळे कुणीतरी नाव बदलताना हौसेने शेवटी ‘.पीडीएफ’ टाइप करतो आणि फाइल होते ‘बिल.पीडीएफ.पीडीएफ’. स्क्रीनवर दिसतं ‘बिल.पीडीएफ’. नोटपॅडमध्ये सेटिंगची जेसन फाइल सेव्ह केली की मागे कधी कधी गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटतं, तोही हाच प्रकार. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ची खूण चालू करा. माझ्याकडची बरीच प्रकरणं इथेच मिटतात, आणि त्याचे पैसे मागायला मला लाज वाटते.

पाथ आणि चालू फोल्डर

हाताने चालते पण शेड्यूलरमधून चालत नाही, याचं पहिलं कारण नाव नसतंच. कोडमध्ये नुसतं ‘यादी.सीएसव्ही’ लिहिलं असेल तर पायथन ती चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि शेड्यूलरचा चालू फोल्डर तुमचा नसतो. ओएस.गेटसीडब्ल्यूडी छापून बघा. मग पाथ स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेपासून बांधा, म्हणजे पाथलिबच्या पाथमध्ये डंडर-फाइल (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं ‘फाइल’) देऊन त्याचा पेरेंट घ्या.

दुसरं कारण उलटा स्लॅश. विंडोजचा पाथ साध्या अवतरणात लिहिला आणि उलट्या स्लॅशपुढे एन किंवा टी आला, की पायथनला ती नवी ओळ किंवा टॅब वाटते. सी ड्राइव्हच्या ‘यूझर्स’ फोल्डरचा कॅपिटल यू आला तर ‘युनिकोडएस्केप’ असं काहीतरी भयंकर ओरडून स्क्रिप्ट सुरूच होत नाही. अवतरणाआधी आर लावा किंवा सरळ स्लॅश वापरा. विंडोजवर पायथनला तो चालतो.

तिसरं कारण फसवं आहे: फाइल उघडते, फक्त तिचं नाव छापताना स्क्रिप्ट पडते. शेड्यूलर आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवत असेल तर विंडोजवर त्याचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) जुनं, देवनागरी न जाणणारं असू शकतं. एररमध्ये ‘चार्मॅप’ हा शब्द दिसला की ओळखा. ‘पायथनयूटीएफ८’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलची किंमत १ ठेवा, पायथन ३.७पासून ही सोय आहे.

आगंतुक फाइली

कुणीतरी एक्सेल उघडं ठेवून जेवायला गेलं असेल तर त्याच फोल्डरमध्ये टिल्डा (~) आणि डॉलरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल असते. ती एक्सेलची कुलपाची फाइल. तिचंही एक्स्टेन्शन एक्सेलचंच, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट ती उघडायला जाते आणि कधी ‘परवानगी नाही’ तर कधी ‘ही झिप नाही’ म्हणून थांबते. नव्या एक्सेल फाइली आतून झिपच असतात, म्हणून ते वाक्य. पेनड्राइव्ह मॅकला लावून आणला असेल तर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणारी जुळी भावंडं प्रत्येक फाइलसोबत येतात, तीही तशीच. यादी घेतानाच डॉटने किंवा टिल्डाने सुरू होणारी नावं गाळा. एका ओळीचं काम आहे.

मोठी-छोटी अक्षरं आणि चौकटी कंस

स्कॅनर आणि कॅमेरे एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये देतात. विंडोजवर ग्लोबला (नमुना देऊन फाइली शोधणाऱ्या फंक्शनला) फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरवर पडतो, आणि त्या फाइली यादीत येतच नाहीत. एरर नाही, काही नाही. एक्स्टेन्शन लोअर करून मग तुलना करा. पाथलिबच्या ग्लोबला पायथन ३.१२पासून ‘केस_सेन्सिटिव्ह’ असा पर्यायही मिळाला आहे.

नावात चौकटी कंस असतील, उदाहरणार्थ ‘बिल [२]’, तर ग्लोब त्याचा अर्थ ‘इथे २ हे अक्षर’ असा घेतो आणि कंसवाली फाइल सोडून देतो. नाव आधी ग्लोब.एस्केपमधून काढा.

टिंबांच्या तारखा

आपल्याकडे तारीख टिंबांनी लिहायची सवय आहे. ‘ताळेबंद ३१.०३.२०२४’ असं नाव, पुढे एक्स्टेन्शन नाही. पायथनच्या लेखी शेवटच्या टिंबापासून पुढचं ते एक्स्टेन्शन, म्हणून इथे एक्स्टेन्शन झालं ‘.२०२४’. आता कोडमध्ये विथ_सफिक्स वापरून ‘.पीडीएफ’ लावलं की नाव होतं ‘ताळेबंद ३१.०३.पीडीएफ’. वर्ष गेलं. २०२३चा ताळेबंदही त्याच नावावर येतो, २०२२चाही. शंभरातल्या तीन फाइली कुठे गेल्या याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

उपाय: मूळ नावाला एक्स्टेन्शन नाही हे माहीत असेल तर बदलू नका, जोडा. नाव अधिक ‘.पीडीएफ’, बस. एक्स्टेन्शन कोणती अपेक्षित आहेत त्याची यादी कोडमध्ये ठेवा, त्या यादीतलं शेपूट सापडलं तरच कापा. ‘.टार.जीझेड’सारखी दुहेरी शेपटं याच यादीत आधी ठेवायची, कारण सफिक्सला त्यातलं फक्त ‘.जीझेड’ दिसतं. सफिक्सेस मागितलं तर तारखेचे तुकडेही शेपूट म्हणून हातात येतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. ‘.एन्व्ह’सारख्या टिंबाने सुरू होणाऱ्या नावाला पायथन एक्स्टेन्शन मानत नाही, ते बरोबरच आहे.

एक्स्टेन्शन खोटं बोलतंय का

पोर्टलवरून उतरवलेली ‘.एक्सएलएस’ फाइल आतून एचटीएमएलचा तक्ता असते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तेच तपासते. एक्सेल एक इशारा देऊन ती उघडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. फाइल बायनरी मोडमध्ये उघडून पहिले आठ बाइट छापा. पीडीएफ टक्क्याच्या खुणेने आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू होते. झिप, आणि म्हणून नवं एक्सेल आणि वर्डही, ‘पीके’ने. जुनं खरं एक्सएलएस हेक्समध्ये ‘डी० सीएफ ११ ई०’ने. जेपेग ‘एफएफ डी८ एफएफ’ने. पहिलं चिन्ह कोनी कंस असेल तर तो एचटीएमएल किंवा एक्सएमएल. माइमटाइप्स मॉड्यूल यात उपयोगाचं नाही. ते फक्त नाव बघून अंदाज करतं, आणि आपला संशयच नावावर आहे.

आता खरं कठीण: देवनागरी

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर फोल्डरची यादी घ्या आणि प्रत्येक नाव ॲस्की() फंक्शनमधून छापा. प्रिंट नव्हे, ॲस्की. प्रिंट तुम्हाला अक्षरं दाखवेल, ॲस्की प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवेल. शेवटची मोकळी जागा, न तुटणारी स्पेस, अदृश्य जोडचिन्हं, सगळं उघडं पडतं. कोडमध्ये लिहिलेलं नावही तसंच छापून दोन ओळी एकाखाली एक ठेवा. फरक तिथेच दिसेल.

मराठीत हा फरक कुठे येतो? ‘वऱ्हाड’ घ्या. यातला ऱ एकसंध येऊ शकतो, र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा दोन तुकड्यांत येऊ शकतो, किंवा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह असाही येऊ शकतो. कोणत्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर ते ठरतं. स्क्रीनवर तिन्ही सारखे, डिस्कवर तीन वेगळी नावं. ‘ॲ’चंही तसंच: एक तयार अक्षर, दुसरं अ अधिक अर्धचंद्र, तिसरं त्या दोघांच्या मध्ये झेडडब्ल्यूजे घालून. ‘ॲडव्हान्स’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या तर भूतबाधा नव्हे, हे आहे.

युनिकोडडेटा.नॉर्मलाइझला ‘एनएफसी’ (शक्य तिथे तुकडे जोडून एकसंध अक्षर करणारा प्रकार) सांगून दोन्ही बाजूंची नावं त्यातून काढा, ही पहिली पायरी. यात र अधिक नुक्त्याचा ऱ होतो. पण बाकीचे प्रकार तसेच राहतात. युनिकोडच्या दृष्टीने ‘ॲ’ आणि अ अधिक अर्धचंद्र हे समान नाहीत, आणि झेडडब्ल्यूजेला नॉर्मलायझेशन हात लावत नाही. तेवढ्यासाठी स्वतःचं चार ओळींचं बदलीचं कोष्टक लिहावं लागतं.

कोष्टक लिहिताना घाई नको. झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यांची यादी’ ही ‘आचार्यांची यादी’ होऊन बसते. स्वयंपाकाची यादी मठात! म्हणून आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिकडीचा ऱ आणि हलन्त करा, मग अ, झेडडब्ल्यूजे, अर्धचंद्र याचा ‘ॲ’ करा, आणि उरलेले झेडडब्ल्यूजे शेवटी काढा. आणि हे सगळं तुलनेपुरतं. डिस्कवरचं नाव बदलायचं की नाही तो वेगळा निर्णय.

आकड्यांचं त्या मानाने सोपं. ‘यादी १’ आणि ‘यादी 1’ ही दोन नावं, पण इंट() फंक्शनला देवनागरी १ मुकाट्याने कळतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर शोधायच्या नमुन्यातला) ‘कोणताही अंक’ सांगणारा उलटा स्लॅश-डी सुद्धा त्याला पकडतो.

मात्रा गळण्याचा रोग

आता ती हकिकत. एका संस्थेच्या शाखांचे मासिक अहवाल होते, प्रत्येक फाइलीला शाखेचं नाव. नावांत मधूनच स्वल्पविराम, कंस, अवतरणं. मी म्हटलं, स्वच्छ करून टाकू. जे अक्षर किंवा अंक नाही ते काढा, असा रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिला, उलटा स्लॅश-डब्ल्यू वापरून. जगभरच्या कोडमध्ये असतो तसाच. चालवला, मूळ फोल्डरवर, लिनक्स सर्व्हरवर. एरर नाही.

पायथनच्या री मॉड्यूलमध्ये उलटा स्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक आणि अंडरस्कोर. देवनागरीची काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. ती सगळी गळाली. ‘सातारा’चं ‘सतर’ झालं, ‘कोल्हापूर’चं ‘कलहपर’. हसू आलं असतं, पण ‘पुणे’चं ‘पण’ झालं आणि ‘पेण’चंही ‘पण’. लिनक्सवर ओएस.रिनेम त्या नावाची फाइल आधीच असेल तर न विचारता तिच्यावर लिहितो. विंडोजने निदान ‘फाइल आधीच आहे’ म्हणून अडवलं असतं. पुण्याच्या शाखेचा महिन्याचा अहवाल पेणने खाल्ला. तो पुन्हा मागवावा लागला, आणि का मागवतोय ते मलाच फोनवर सांगावं लागलं.

तेव्हापासून नावं स्वच्छ करताना काय ठेवायचं हे मी सांगत नाही, काय काढायचं तेच सांगते. विंडोजला चालत नाहीत ती चिन्हं मोजून नऊ आहेत: लहान-मोठे दोन कोनी कंस, विसर्गासारखं कोलन, दुहेरी अवतरण, दोन्ही स्लॅश, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि तारका. ती अंडरस्कोरने बदला, शेवटची स्पेस आणि टिंब छाटा, झालं. ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’, ‘एनयूएल’, ‘कॉम१’ ते ‘कॉम९’ आणि ‘एलपीटी१’ ते ‘एलपीटी९’ ही इंग्रजी नावं विंडोजने जुन्या डॉसच्या काळापासून राखून ठेवली आहेत, एक्स्टेन्शन लावलं तरी. ती आली तर नावाच्या सुरुवातीला काहीतरी जोडा. री मॉड्यूलच हवं असेल तर वर्गवारी ‘एम’ने सुरू होणारी चिन्हं युनिकोडडेटाने तपासून राखा, किंवा वेगळं मिळणारं रेजेक्स मॉड्यूल घ्या. वेब फ्रेमवर्कसोबत येणारी नाव-सफाईची तयार फंक्शनंही आधी ‘पुणे’ आणि ‘पेण’ घालून तपासा. काही मात्रा काढतात, काही देवनागरी पूर्णच काढून रिकामं नाव परत देतात.

खरंच नावं बदलायची असतील तर आधी न बदलता जुनं नाव आणि नवं नाव अशी सीएसव्ही बनवा. नव्या नावांचा सेट करून (त्यात एक नाव एकदाच राहतं) संख्या मोजा. जुन्यांपेक्षा कमी भरली की थांबा, कुणीतरी कुणाला खाणार आहे. ती सीएसव्ही ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी कचरा दिसेल आणि तुम्ही नसलेला रोग शोधत बसाल.

झिपमधली ग्रीक अक्षरं

झिपच्या आत प्रत्येक नावासोबत ‘हे यूटीएफ-८ आहे’ सांगणारा एक बिट असतो, अकराव्या क्रमांकाचा. काही साधनं नाव यूटीएफ-८मध्ये लिहितात पण बिट लावत नाहीत. मग पायथनचं झिपफाइल मॉड्यूल ते नाव जुन्या कोडपेज ४३७ प्रमाणे वाचतं. खूण अगदी पक्की आहे: अल्फासारखं चिन्ह आणि त्यामागे डोक्यावर लाट असलेला एन, ही जोडी पुन्हा पुन्हा. देवनागरीची जवळजवळ सगळी अक्षरं यूटीएफ-८मध्ये ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने सुरू होतात, म्हणून. नाव ‘सीपी४३७’ने एन्कोड करून ‘यूटीएफ-८’ने डीकोड करा, मराठी परत येईल. पायथन ३.११पासून झिप उघडतानाच ‘मेटाडेटा_एन्कोडिंग’ देता येतं. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र नाव झिप बनवतानाच गेलंय. पाठवणाऱ्याकडून परत मागवा, तुमच्याकडे त्यावर इलाज नाही.

लांबी

विंडोजवर बरोबर चालणारं लांब नाव लिनक्सवर ‘नाव फार लांब’, एरर ३६, देतं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा आणि हलन्त धरून. ‘स्था’ हे एक अक्षर वाटतं, त्यात चार चिन्हं, बारा बाइट. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला. वार्षिक सर्वसाधारण सभेचं पूर्ण नाव, दिनांक आणि ‘अंतिम सुधारित’ जोडलं की तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. कापायचं असेल तर एन्कोड करून बाइट मोजा, पण चिन्हाच्या मध्ये कापू नका. विंडोजवर याउलट अख्ख्या पाथची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते; पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये ती उठवण्याचं बटण असतं.

जुने, वाचताच न येणारे बाइट

लिनक्सवर कधी एखाद्या नावात यूटीएफ-८ नसलेले बाइट असतात, जुन्या सर्व्हरवरून आलेले. पायथन ते फेकत नाही. ‘सरोगेटएस्केप’ नावाच्या युक्तीने जपून ठेवतो. म्हणून फाइल उघडते, वाचता येते, पण नाव छापायला गेलात की ‘सरोगेट्स नॉट अलाउड’. छापताना ॲस्की() वापरा, मूळ बाइट हवे असतील तर ओएस.एफएसएन्कोड. ते बाइट मुळात कोणत्या एन्कोडिंगचे होते हे मात्र अंदाजानेच काढावं लागतं, आणि अंदाज चुकला तर नाव कायमचं बिघडतं. शे-दोनशे फाइलींसाठी हाताने नवी नावं देणं स्वस्त पडतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

पेनड्राइव्ह किंवा डिस्कवर नावंच विचित्र चिन्हांची झाली, आकार अशक्य मोठे, तारखा भलत्याच: हा पायथनचा प्रश्न नाही, फाइल सिस्टिम बिघडलीय. नावं बदलू नका, चेकडिस्क चालवू नका, तो डिस्कवर लिहितो. ड्राइव्ह काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एका रात्रीत सगळ्या फाइलींना एकच अनोळखी एक्स्टेन्शन लागलं आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसली तर ते रॅन्समवेअर. एक्स्टेन्शन काढून काही होत नाही, आतला मजकूरच कुलूपबंद आहे. मशीनची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क चुकूनही लावू नका, आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. कंपन्या-संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायची, असे २०२२चे निर्देश आहेत. सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर १९३०.

तिसरा प्रसंग साधा दिसतो पण मी त्यात हात घालत नाही: फाइलींची नावं एखाद्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्येही लिहिलेली असतात. डिस्कवरचं नाव सुधारलं की सॉफ्टवेअरला फाइल सापडेनाशी होते. ते ज्यांनी बनवलं त्यांनाच विचारा.

कुणालाही बोलवा, मलाही बोलवा, पण आधी एवढं हाताशी ठेवा: ॲस्की()मधून छापलेली नावांची यादी, एररचा पूर्ण मजकूर, पायथनची आवृत्ती, आणि फाइली कुठून कशा आल्या, म्हणजे व्हॉट्सॲप, पेनड्राइव्ह, झिप की मॅक. फोटो पाठवू नका. फोटोत झेडडब्ल्यूजे दिसत नाही.